दहा मायक्रोग्रॅमची हाक: बीएमपी-२ हे प्रथिन नेमकं करतं काय?

पहिल्यांदा ती कुपी हातात आली तेव्हा मला वाटलं, पाठवणाऱ्याने रिकामीच पाठवली. थर्माकोलचा भलामोठा खोका, आत जेल पॅक, त्यांच्यामध्ये झिपची पिशवी आणि पिशवीत करंगळीच्या पेराएवढी कुपी. उजेडाकडे धरून पाहिली तर तळाशी काहीच दिसेना. झाकण फिरवणार तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या मॅडम मागून ओरडल्या, "अगं थांब! आधी मशीनमध्ये फिरवून स्पिन केलंस का? झाकणाला चिकटलेलं असलं तर गेलं ना सगळं!"

लेबलवर आकडा होता १० मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कणसुद्धा याच्यापेक्षा जड भरतो. त्याच लेबलवर 'रिकॉम्बिनंट ह्यूमन बीएमपी-२' असं नाव आणि खाली बारीक अक्षरांत 'केवळ संशोधनासाठी'. संध्याकाळी घरी कौतुकाने सांगितलं की आज हाड वाढवणारं प्रथिन हाताळलं, तर मावशीने लगेच विचारलं, "मग माझ्या गुडघ्याला चालेल का गं?"

मावशीचं काही चुकलं नाही. नावच तसं आहे. बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, म्हणजे हाडाला आकार देणारं प्रथिन. ऐकणाऱ्याला वाटतं, कॅल्शियमच्या गोळीची ही थोरली बहीण असणार; पोटात गेली की हाडं भरतील. पण हाडात जे कॅल्शियम-फॉस्फेट असतं, कोलाजेनचे जे धागे असतात, त्यातलं काहीही त्या कुपीत नसतं. बांधकामावर मुकादम येतो तेव्हा तो डोक्यावर विटा घेऊन येत नाही. तो नाक्यावर उभ्या असलेल्या माणसांना हाक मारतो: तू इकडे ये, तू तिकडे जा. विटा-वाळू ती माणसं उचलतात, भिंतही तीच बांधतात. बीएमपी-२ हा तसा मुकादम आहे. कुपीत फक्त त्याची हाक भरलेली असते.

हाडात अशी हाक दडलेली असते, हे कळायला फार वर्षं लागली. कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवा, ते रबरासारखं वाकायला लागतं. आम्लाने त्यातली खनिजं विरघळवून नेलेली असतात आणि मागे प्रामुख्याने कोलाजेनचा सांगाडा उरतो. असंच आम्लात मऊ केलेलं बैलाचं हाड अमेरिकेतले शल्यचिकित्सक निकोलस सेन यांनी १८८९ मध्ये रुग्णांच्या हाडातले खळगे भरायला वापरलं होतं. खळगे भरून येत, पण का ते कुणी नीट सांगू शकत नव्हतं.

ते 'का' पकडलं मार्शल युरिस्ट यांनी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या अस्थिशल्यविशारदाने आम्लात खनिजं काढून टाकलेलं हाड सशांच्या स्नायूत बसवलं. जागेची निवड महत्त्वाची होती. तुटलेल्या हाडाशेजारी बसवलं असतं, तर नवं हाड तिथल्या जुन्या हाडाच्या पेशींनीच बनवलं, असं कुणीही म्हटलं असतं. स्नायूच्या आत हाड बनायचं काही कारणच नसतं. तरीही तिथे नवं, जिवंत हाड तयार झालं आणि ते बनवणाऱ्या पेशी त्या सशाच्याच होत्या. हा शोधनिबंध १९६५ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. पुढे १९७१ मध्ये युरिस्ट यांनी या अदृश्य कारणाला बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन हे नाव दिलं. गंमत बघा, तेव्हा हे प्रथिन कुणी वेगळं काढलेलंही नव्हतं. संशयिताचं बारसं आधी झालं, अटक पुष्कळ नंतर.

अटकेच्या कामात मूळच्या भारतातल्या दोन शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे, आणि आपल्याकडे त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत याचं मला नवल वाटतं. पहिले हरी रेड्डी. शिकागोत चार्ल्स हगिन्स यांच्याबरोबर काम करताना त्यांनी खनिजं काढलेल्या हाडाची पूड उंदरांच्या कातडीखाली ठेवली आणि दिवसागणिक काय होतं ते पाहिलं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास तिथे जमलेल्या पेशी भराभर वाढू लागतात. सातव्या दिवशी कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीत वरच्या बाजूला हाताला लागते तशी लवचीक ऊती. नवव्या दिवशी तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. दहा-बारा दिवसांत हाड. आणि तीन आठवड्यांत त्या हाडाच्या पोकळीत रक्त तयार करणारी मज्जा! गर्भात हाड ज्या क्रमाने घडतं तोच सगळा क्रम, मोठ्या झालेल्या उंदराच्या कातडीखाली, बोटाने चाचपता येईल अशा ठिकाणी.

दुसरे कुबेर संपत. त्यांचा आणि रेड्डींचा १९८१ चा प्रयोग मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात देखणा वाटतो. त्यांनी हाडाची ती पूड ग्वानिडीन या तीव्र रसायनात भिजवली. काही प्रथिनं द्रावणात उतरली आणि खाली न विरघळलेला कोलाजेनचा चोथा राहिला. नुसता चोथा उंदरात ठेवला, हाड बनलं नाही. नुसता अर्क घातला, तरी नाही. दोन्ही पुन्हा एकत्र केले तेव्हा हाड बनलं. म्हणजे हाक विरघळते, पण तिला उभं राहायला ओटाही लागतो. ओटा नसला तर हाक देणारा आला कधी आणि गेला कधी, कुणाला कळतही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे शस्त्रक्रियेच्या खोलीत ती पुन्हा भेटणार आहे.

अडचण होती प्रमाणाची. किलोकिलोने हाडं दळून, आम्लात भिजवून, गाळून-गाळून हातात पडायचं ते मायक्रोग्रॅममध्ये. एवढ्याशा मालावर संशोधन तरी किती करणार? १९८८ मध्ये जॉन वॉझ्नी, एलिझाबेथ वँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कोंडी फोडली. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीत त्यांनी गुरांच्या हाडातून ते प्रथिन शुद्ध केलं, त्याचे तुकडे करून अमिनो आम्लांचा क्रम वाचला आणि त्यावरून माणसाची जनुकं हुडकली. एक नव्हे, अनेक निघाली. त्यांना क्रमांक दिले. त्यातला बीएमपी-१ पुढे वेगळाच निघाला. तो हाक देणाऱ्यांपैकी नाही, कोलाजेनची टोकं छाटणारा विकर, म्हणजे एन्झाइम आहे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आता लेबलवरचे शब्द उलगडतील. 'ह्यूमन' म्हणजे नकाशा माणसाचा. कुपीत माणसाच्या शरीरातून काढलेलं काहीही नसतं. 'रिकॉम्बिनंट' म्हणजे ते जनुक दुसऱ्याच कुणाच्या पेशीत बसवून तिच्याकडून करून घेतलेलं प्रथिन. इन्शुलिन आणि हिपॅटायटिस-बीची लस याच युक्तीने बनतात, त्यामुळे कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. बीएमपी-२ साठी मुख्यतः दोन कारखाने चालतात: ई. कोलाय हा जिवाणू, नाहीतर चायनीज हॅमस्टर या प्राण्याच्या अंडाशयातून आलेल्या, लोखंडी टाकीत वाढणाऱ्या पेशी.

दोन्ही कारखान्यांचा माल एकसारखा नसतो. शरीरात बीएमपी-२ आधी ३९६ अमिनो आम्लांच्या लांब साखळीच्या रूपात बनतं, मग पुढचा भाग कापला जाऊन शेवटची ११४ उरतात. अशा दोन साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधाने बांधल्या की काम करणारं प्रथिन तयार होतं. प्रत्येक साखळीच्या पोटातही गंधकाच्याच बंधांची एक पक्की गाठ असते. ही गाठ मारायचं कसब जिवाणूत नाही. ओल्या साडीचा पिळा तसाच कोपऱ्यात टाकावा, तसे तो प्रथिनाचे गोळे पेशीत साठवतो. ते बाहेर काढायचे, रसायनांनी उलगडायचे आणि सावकाश पुन्हा नीट घडी घालायची. काम कटकटीचं, पण माल स्वस्त पडतो. हॅमस्टरच्या पेशी घडी स्वतःच घालतात, वर त्यावर साखरेच्या रेणूंची सजावटही करतात, तशी ती आपल्या पेशीही करतात. प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर दोघांचा जोर सारखा पडेलच असं नाही. म्हणून प्रयोगाच्या मधोमध एकाची कुपी संपली म्हणून दुसऱ्याची उघडू नये. जिवाणूच्या मालाला आणखी एक चाचणी द्यावी लागते. त्याच्या कवचाचे अवशेष, ज्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात, ते मागे राहिले तर पेशी त्यानेच बिथरतात आणि आपण श्रेय भलत्याला देतो.

कुपीतली पूड विरघळवणं हा वेगळाच धडा. मी तो पदरचा एक आठवडा घालवून शिकले. बहुतेक प्रथिनं ज्यात सुखाने राहतात त्या पीबीएस नावाच्या खारट, उदासीन द्रावणात मी हे थेट मिसळलं. बीएमपी-२ ला उदासीन पाणी मानवत नाही. ते त्यात धड विरघळत नाही, आणि जे विरघळतं ते प्लॅस्टिकच्या भिंतींना चिकटून बसतं. ते आधी सौम्य आम्लात विरघळवतात, बऱ्याचदा ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, आणि सोबत थोडं अल्ब्युमिन घालतात. चिकटायचंच असेल तर भिंतीला अल्ब्युमिन चिकटावं, महागाचं प्रथिन नको. मग छोट्या-छोट्या नळ्यांत वाटून गोठवायचं, म्हणजे सारखं वितळवून पुन्हा गोठवावं लागत नाही. माझी ताटली सहाव्या दिवशी पाहिली तर तिच्यातले, पेशी वाढवायचे सगळे खळगे पाण्यासारखे नितळ. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "ओतलं होतंस कशात?" आणि माझं उत्तर ऐकून पुढे काही बोलल्याच नाहीत.

नितळ असणं वाईट का, ते सांगते. बीएमपी-२ ची परीक्षा घ्यायला बहुतेक प्रयोगशाळा सी२सी१२ नावाच्या पेशी वापरतात. पुण्यात गणेशखिंडीतलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुरवतं. या पेशी उंदराच्या मांडीच्या स्नायूतून आलेल्या, त्यांचा कल स्नायू होण्याकडे. खुराक कमी केला की त्या एकमेकींना जोडून लांबट स्नायूतंतू होतात. पण १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी त्यांना दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम या प्रमाणात बीएमपी-२ दिलं तेव्हा सहा दिवसांत स्नायूतंतू बनणं जवळपास थांबलं आणि त्याच पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागल्या. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर बनवायला लागल्या. रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'एएलपी' म्हणून येतं तेच हे. त्याच्यावर एक रंगहीन रसायन घातलं की ते पिवळं होतं. जितकी हाक पोचली, तितका पिवळा रंग. पुढच्या खेपेला मी आम्लात विरघळवलं, आणि अर्ध्या तासात खळगे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे फिकट लिंबापासून गर्द हळदीपर्यंत रंगत गेले. तो रंग यंत्रावर मोजायच्या आधी मी नुसतीच थोडा वेळ ताटलीकडे बघत बसले होते.

हिशेबही गमतीचा आहे. ३०० नॅनोग्रॅमच्या मात्रेने १० मायक्रोग्रॅममध्ये सुमारे ३३ मिलिलिटर द्रावण होतं. अर्धा-अर्धा मिलिलिटर घातलं तर २४ खळग्यांच्या पावणेतीन ताटल्या. आणि प्रथिन माणसाचं असून उंदराच्या पेशींना कसं कळतं? कारण माणूस आणि उंदीर यांच्या त्या ११४ अमिनो आम्लांच्या साखळीत एकाही आम्लाचा फरक नाही.

पेशीच्या आत जे घडतं ते थोडक्यात असं. पेशीच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे ग्राहक, म्हणजे हाक झेलणारी प्रथिनं असतात. प्रथिन त्यांना एकत्र ओढून आणतं, एक ग्राहक दुसऱ्याला जागं करतो, जागा झालेला ग्राहक आतल्या स्मॅड नावाच्या निरोप्यांवर फॉस्फेटचा शिक्का मारतो आणि शिक्का बसलेले निरोपे केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करतात. हाडाच्या बाबतीत त्यातलं महत्त्वाचं जनुक रनएक्स-२.

त्या १९९४ च्या निबंधात आणखी एक निरीक्षण आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे. सहा दिवस बीएमपी-२ दिलेल्या पेशी त्यांनी प्रथिन नसलेल्या द्रावणात पुन्हा पेरल्या. हाडाची लक्षणं मावळली आणि बहुतेक पेशी परत स्नायूकडे वळल्या. म्हणजे पेशींचं मतपरिवर्तन झालेलं नव्हतं. मुकादम उभा होता तोवरच त्या त्याचं ऐकत होत्या.

आणि हाक एकच असली तरी तिचा अर्थ ऐकणाऱ्यावर ठरतो. गर्भात आपल्या बोटांच्या मध्ये पडदा असतो. कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत दिसलं की तिथल्या पेशींना मरायचा निरोप बीएमपी कुळातलीच प्रथिनं देतात. तो निरोप अडवला की पिल्लाच्या पायात बदकासारखा पडदा राहतो. बदकात निसर्गच तो निरोप अडवतो. एके ठिकाणी 'हाड बांधा', दुसरीकडे 'जागा खाली करा'. फळमाशीला तर हाडच नसतं, पण या कुळातली प्रथिनं तिच्यातही आहेत. तिच्या अळीची पाठ कुठली नि पोट कुठलं, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. संपत यांच्या गटाने १९९३ मध्ये माशीची ही प्रथिनं उंदराच्या कातडीखाली ठेवली, तर तिथे हाड तयार झालं! ज्या जिवाने हाड कधी पाहिलंच नाही, त्याची हाक उंदराने बरोबर ओळखली.

मोडलेलं हाड सांधण्यात मात्र बीएमपी-२ ची जागा दुसरं कुणी घेत नाही. २००६ मध्ये संशोधकांनी ज्यांच्या पायांच्या हाडांत हे जनुकच नाही असे उंदीर तयार केले. हाडं बनली, आकारही आला, पण त्यांना आपोआप बारीक चिरा पडत आणि त्या भरून येत नसत. जुळणीला सुरुवातच होत नव्हती.

त्याच वर्षी याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट उलगडली. एफओपी नावाचा, साधारण वीस लाखांत एकाला होणारा आजार आहे. त्यात स्नायू आणि स्नायुबंध हळूहळू हाड होत जातात. धडपडणं, स्नायूत घेतलेली सुई, इतकंही निमित्त पुरतं. पायाचे अंगठे जन्मतःच वाकडे असतात, ती पहिली खूण. फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात हॅरी ईस्टलॅक यांचा सांगाडा उभा आहे. ते १९७३ मध्ये चाळिशीच्या आतच वारले. आपल्या शरीराचा अभ्यास व्हावा ही त्यांचीच इच्छा. त्या सांगाड्याच्या पाठीवर हाडाचे पत्रे आणि पूल पसरलेले दिसतात. या आजाराचं कारण सापडलं ते बीएमपीच्या एका ग्राहकात, साखळीतल्या २०६ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं. हाक देणारा तोच, तेवढाच. बिघाड ऐकणाऱ्याच्या कानात.

हे सगळं डोक्यात ठेवून शस्त्रक्रियेच्या खोलीत जाऊ. कण्याचे मणके सांधायचे तर रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मध्ये बसवण्याची जुनी रीत आहे. त्याने दुसरी जखम होते आणि कित्येकांची कंबर नंतर दीर्घकाळ दुखते. ते टाळायला जुलै २००२ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने कमरेच्या मणक्यांच्या एका ठरावीक शस्त्रक्रियेत बीएमपी-२ वापरायला मंजुरी दिली. प्रथिन कोलाजेनच्या स्पंजात भिजवून बसवायचं. संपत-रेड्डींचा चोथा आठवला ना? हा तोच ओटा. पुढे २००४ मध्ये नडगीच्या उघड्या मोडतोडीसाठी आणि २००७ मध्ये जबड्याच्या काही कामांसाठी मंजुरी मिळाली.

पण स्पंज हाक घट्ट धरून ठेवत नाही, म्हणून मात्रा चढी ठेवावी लागली: दर मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम. ताटलीतल्या ३०० नॅनोग्रॅमच्या ती पाच हजार पट भरते. शिवाय डॉक्टर मंजुरीबाहेरच्या जागीही ते वापरू लागले. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर गळ्याला सूज येऊन गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या आणि जुलै २००८ मध्ये एफडीएला इशारा काढावा लागला. नको तिथे हाड वाढल्याचेही रुग्ण होते. २०११ मध्ये 'द स्पाइन जर्नल'ने ते विकणाऱ्या कंपनीच्या पैशावर झालेल्या जुन्या अभ्यासांची झाडाझडती घेतली: त्यांत दुष्परिणाम कमी दाखवले गेले होते. मग येल विद्यापीठाच्या पुढाकाराने मूळ आकडेवारी दोन स्वतंत्र गटांकडे गेली. २०१३ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला की कमरेच्या हाडाच्या तुकड्यापेक्षा रुग्णाला होणारा फायदा फारसा वेगळा नाही. औषध बाद झालेलं नाही, आजही वापरतात, पण मुकादमाच्या हातात भोंगा देऊन त्याला भर वस्तीत सोडलं की काय होतं, ते तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं.

आणि मावशीचा गुडघा? तिथे झिजलेली असते कूर्चा, आणि या प्रथिनाची हाक कूर्चेवर न थांबता पुढे हाडापर्यंत जाते. सांध्यात ते हाड घेऊन करायचं काय? शिवाय माझ्या हातातली कुपी रुग्णासाठी बनवलेलीच नव्हती. 'केवळ संशोधनासाठी' याचा अर्थ तिची शुद्धता ताटलीतल्या पेशींपुरती तपासलेली आहे. माणसाच्या शरीरात घालायच्या औषधाला ज्या चाचण्या आणि परवानग्या लागतात त्यातून ती गेलेली नाही. शस्त्रक्रियेच्या मोठ्या संचात १२ मिलिग्रॅम प्रथिन असतं. तेवढं जमवायला माझ्यासारख्या १,२०० कुप्या फोडाव्या लागतील. मी मावशीला हा हिशेब सांगितला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे बाई, मी आपली मलमच लावते."